व्हॉल्व्ह, प्लाझ्मा ट्यूब आणि पुराव्याचा प्रश्न

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावात ‘फ्रिक्वेन्सी’ हा शब्द कुणालाही गूढ वाटत नाही. इंजिनाचे सुटे भाग इंडक्शन हार्डनिंगला जातात, तेव्हा कॉइलमधून किती फ्रिक्वेन्सीचा प्रवाह सोडायचा, यावर पोलाद किती खोलवर तापणार हे बरेचसे ठरते. लालबुंद पोलादात १० किलोहर्ट्झचा प्रवाह साधारण पाच मिलिमीटरपर्यंत शिरतो, तर ४५० किलोहर्ट्झचा पाऊण मिलिमीटरच्या आसपास थांबतो. वेळ आणि शक्ती यांचाही त्यात वाटा असतो, पण फ्रिक्वेन्सी बदलली की खोली बदलते आणि ती बदललेली दिसते. नमुन्याचा जॉब आडवा कापायचा, कापलेला भाग घासून गुळगुळीत करायचा आणि त्यावर नायटल, म्हणजे अल्कोहोलात मिसळलेले नायट्रिक ॲसिड, फिरवायचे. काही सेकंदांत कडेची कडक झालेली कड आतल्या मऊ गाभ्यापासून वेगळ्या छटेत उठून येते. मग कडेपासून आत रॉकवेलचे किंवा सूक्ष्म कडकपणाचे ठसे घेऊन केस डेप्थ, म्हणजे कडक थराची खोली, मोजायची. ती कमी भरली तर माल परत येतो. मशीन किती भारी होते, त्यात निर्वात नळीचा व्हॉल्व्ह होता की आयजीबीटी हा ट्रान्झिस्टर, याची चौकशी गिऱ्हाईक करत नाही.

याच शब्दावर उभा असलेला दुसरा एक बाजार आहे. प्लाझ्मा ट्यूब फ्रिक्वेन्सी जनरेटर, किंवा मूळ संशोधकाच्या नावाने ‘राइफ मशीन’, म्हणून ओळखली जाणारी यंत्रे जगभर विकली जातात आणि घरोघरी जोडलीही जातात. काचेच्या नळीत विरळ वायू भरायचा, त्याला रेडिओ लहरींनी पेटवायचे, त्या लहरींवर ठराविक फ्रिक्वेन्सी चढवायची आणि समोर बसलेल्या माणसाच्या शरीरातले जंतू किंवा कर्करोगाच्या पेशी नष्ट होतात असे सांगायचे, हे त्याचे थोडक्यात स्वरूप. या यंत्रांच्या चाहत्यांत एक वाद जोरात चालतो: ट्यूब चालवायला व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर चांगला की ट्रान्झिस्टरचा? वाद खरा आहे आणि त्याला बऱ्यापैकी खरे उत्तरही आहे. अडचण अशी की ते उत्तर विद्युतशास्त्राचे असते आणि त्याची पत नकळत वैद्यकाच्या खात्यावर जमा होते. यंत्र नीट चालते हा एक दावा झाला. त्याने आजार बरा होतो हा दुसरा. पहिल्याचा कितीही भक्कम पुरावा दुसऱ्याच्या कामी येत नाही.

आधी पहिल्या दाव्याला त्याचे श्रेय देऊ. नळीतला आर्गॉन, निऑन किंवा हेलियम वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम अर्ध्या-एक टक्का दाबावर असतो. नळीच्या दोन टोकांना बाहेरून धातूचे पट्टे आवळलेले असतात आणि त्यांतून साधारण २७ मेगाहर्ट्झची लहर आत पोचते. पेटण्याआधी ही नळी ॲम्प्लिफायरच्या दृष्टीने जवळजवळ मोकळी तार असते. व्होल्टेज पुरेसे चढले की वायूच्या अणूंतून इलेक्ट्रॉन सुटून आयन बनतात आणि क्षणात तीच नळी वाहक होते. तेही सरळ नियमाने नाही, कारण प्रवाह वाढला की तिच्यावरचे व्होल्टेज उलट उतरते. त्यात लहरीवर चौकोनी मॉड्युलेशन चढवलेले असेल, तर प्लाझ्मा सेकंदाला शेकडो-हजारो वेळा मंदावतो आणि पुन्हा भडकतो. ॲम्प्लिफायरला पन्नास ओहमचा स्थिर भार हवा असतो आणि इथे भार एका जागी ठरतच नाही. जी शक्ती नळी घेत नाही ती उलटी फिरून ॲम्प्लिफायरच्या अंगावर येते.

इथे व्हॉल्व्ह आपले मोल दाखवतो. मॉसफेट या जातीच्या ट्रान्झिस्टरवर मर्यादेपेक्षा जास्त व्होल्टेज आले तर तो डोळ्याचे पाते लवण्याच्या कितीतरी आधी कायमचा जातो. व्हॉल्व्हमध्ये ठिणगी उडाली तरी आतली पोकळी सावरते. प्लेट जास्त तापली तर लाल होऊन इशारा देते आणि हात स्विचपर्यंत पोचायला काही सेकंद मिळतात. ८११-ए हा हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या, मंडळींचा जुना ओळखीचा व्हॉल्व्ह दीड हजार व्होल्टवर चालतो आणि त्याची प्लेट ६५ वॅट उष्णता सोसते. असे चार समांतर जोडले की बऱ्यापैकी शक्ती हाती येते. ३-५०० झेडची प्लेट ५०० वॅट सोसते आणि पूर्ण भारावर लालसर दिसणे हा तिचा दोष मानला जात नाही. शिवाय अशा ॲम्प्लिफायरच्या बाहेरच्या बाजूला पाय (π) नेटवर्क, म्हणजे भार जुळवणारा परिपथ, असते. ‘ट्यून’चा कंडेन्सर फिरवून प्लेट करंटचा काटा तळाला आणायचा, ‘लोड’ने तो थोडा चढवायचा, पुन्हा ट्यून. चार-पाच फेऱ्यांत वाकडा भारही बऱ्यापैकी जुळतो. प्लाझ्मा ट्यूबसारख्या अवघड गिऱ्हाइकाला हा सैलपणा मानवतो, यात शंका नाही.

तरी या पारड्याचे वजन आता पूर्वीइतके राहिलेले नाही. औद्योगिक प्लाझ्मा आणि लेझर यांच्यासाठीच खास बनवलेले एलडीएमओएस ट्रान्झिस्टर गेल्या दीड दशकात आले. त्यांतले काही हजार-बाराशे वॅटवर ६५ ला १ इतका विसंवादी भारही सोसतील असे उत्पादकांच्या माहितीपत्रकातच छापलेले असते. ते पन्नास व्होल्टच्या आसपास चालतात. व्हॉल्व्हच्या पेटीत मात्र दोन-तीन हजार व्होल्टचा डीसी पुरवठा बसवावा लागतो. २५ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर अडीच हजार व्होल्टवर भरला की त्यात ७८ ज्यूल ऊर्जा साठते आणि प्लग काढल्यावरही ती तिथेच असते. ती हळूहळू रिकामी करणारा ब्लीडर रेझिस्टर तुटलेला असेल, तर झाकण उघडून आत हात घालणाऱ्याला दुसरी संधी मिळेलच असे नाही. विक्रेत्यांच्या वॅटच्या आकड्यांबद्दलही जाता जाता एक गोष्ट सांगायला हवी. पूर्ण ॲम्प्लिट्यूड मॉड्युलेशनला शिखराची शक्ती मूळ लहरीच्या चौपट लागते, त्यामुळे ‘८०० वॅट’ लिहिलेल्या पेटीतून मूळ लहर २०० वॅटचीच घेता येते. एवढे मान्य करूनही हौशी माणसाने व्हॉल्व्ह निवडला तर ते शहाणपणाचे ठरू शकते. भारतातही ही विद्या नवी नाही. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ मध्ये रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला सुरुवात केली. प्लास्टिक जोडणाऱ्या २७.१२ मेगाहर्ट्झच्या वेल्डिंग मशीनमध्ये व्हॉल्व्ह अजूनही इमानाने राबतो.

आता दुसरा दावा. त्याचे मूळ अमेरिकेतल्या सॅन डिएगोत आहे. रॉयल रेमंड राइफ (१८८८–१९७१) या कसबी कारागिराने १९३० च्या दशकात स्वतःचे सूक्ष्मदर्शक बनवले, त्यातून जिवंत विषाणू दिसतात असे सांगितले आणि प्रत्येक जंतूला मारणारी एक ठराविक फ्रिक्वेन्सी असते असे प्रतिपादन केले. १९३४ मध्ये डॉ. मिलबँक जॉन्सन यांच्या पुढाकाराने ला होयामध्ये थोड्या रुग्णांवर उपचार झाले. सोळापैकी बहुतेक बरे झाले, ही कथा तेव्हापासून फिरते आहे. त्या प्रयोगात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि इतरांना तपासता येईल अशी सविस्तर नोंद प्रसिद्ध झाली नाही. सूक्ष्मदर्शकाचा दावाही टिकणारा नाही. दृश्य प्रकाशाने साधारण २०० नॅनोमीटरपेक्षा बारीक तपशील वेगळा दिसत नाही, ही मर्यादा भिंगे कितीही चढवली तरी हटत नाही, आणि बहुतेक विषाणू त्याहून लहान असतात. पुढे यंत्र बनवणाऱ्या भागीदारांतच १९३९ मध्ये कोर्टकचेरी झाली. राइफचे भागीदार जॉन क्रेन यांनी १९५० च्या दशकात यंत्राचे पुनरुज्जीवन केले आणि १९६१ मध्ये कॅलिफोर्नियात त्यावरूनच्या खटल्यात क्रेन दोषी ठरले. १९९० च्या दशकात न्यू मेक्सिकोच्या जेम्स बेअर यांनी २७ मेगाहर्ट्झचा सीबी (नागरी पट्ट्याचा) रेडिओ, लिनियर ॲम्प्लिफायर आणि प्लाझ्मा ट्यूब ही जुळणी लोकप्रिय केली. आजची बहुतेक घरगुती यंत्रे त्याच वंशातली.

या वंशावळीत एक विसंगती ठळक आहे आणि ती पुरेशी चर्चिली जात नाही. राइफच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या मूळ फ्रिक्वेन्सी लाखांच्या घरातल्या, काही तर कोटीच्या पुढच्या. क्रेनच्या काळापासूनच्या याद्यांत मात्र कर्करोगासमोर २१२७ हर्ट्झसारखे, कानाला ऐकू येणारे आकडे दिसतात. ‘एकाच जंतूची एकच फ्रिक्वेन्सी’ हा सिद्धांत असेल, तर शेकडोपटीने वेगळे दोन आकडे एकाच वेळी बरोबर असू शकत नाहीत. हार्मोनिकचा, म्हणजे मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीतल्या लहरींचा, खुलासा दिला जातो, पण चौकोनी लहरीत हार्मोनिक इतके असतात की त्या न्यायाने कुठलाही आकडा कुठल्याही आकड्याला जुळवून दाखवता येईल. अनुनादाचे गणितही साथ देत नाही. ऊतीत आवाज सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने जातो, म्हणजे २१२७ हर्ट्झच्या कंपनाची लांबी जवळजवळ पाऊण मीटर होते. एक-दोन मायक्रोमीटरच्या जिवाणूला ती फोडणार कशी? गायिकेच्या सुराने काचेचा पेला फुटतो, हा दाखला नेहमी दिला जातो. पण पेला हवेत मोकळा असतो आणि त्याच्या आकाराला साजेशा सुरात वाजतो. पेशी पाण्यात बुडालेली असते आणि तिच्या आकाराला साजेशी कंपने मेगाहर्ट्झ-गिगाहर्ट्झच्या टापूत, तीही उठताक्षणी विझणारी. सांगली आकाशवाणी १२५१ किलोहर्ट्झवर अभंगांपासून बातम्यांपर्यंत ऐकू येणाऱ्या असंख्य फ्रिक्वेन्सी ॲम्प्लिट्यूड मॉड्युलेशनने वर्षानुवर्षे हवेत सोडत आली आहे, तरी त्याने कुणाचा आजार बरा झाला असे कुणी म्हणत नाही. अर्थात ट्यूबसमोर बसलेल्याला लागणारी तीव्रता त्याहून खूप जास्त असते, म्हणून हा दाखला पुरावा म्हणून वापरता येणार नाही. पण ‘फक्त बरोबर आकडा हवा, शक्ती गौण’ असे म्हणणाऱ्यांनी त्याचे उत्तर द्यायला हवे.

सर्वांत वजनदार आक्षेप इतिहासाचा नाही, आजचा आहे. कर्करोगावर विद्युतक्षेत्र वापरणाऱ्या उपचारांना अमेरिकेच्या औषध प्रशासनानेच मान्यता दिली आहे, मग राइफला का हिणवता? हा मुद्दा झटकून टाकण्यासारखा नाही. मेंदूच्या ग्लायोब्लास्टोमावर २०० किलोहर्ट्झचे क्षेत्र वापरणारे उपकरण २०११ पासून मान्यताप्राप्त आहे. ६९५ रुग्णांच्या चाचणीत केवळ औषध घेणाऱ्या गटाचे मध्यम आयुर्मान १६ महिने भरले, उपकरणही वापरणाऱ्या गटाचे २०.९. पण त्यासाठी डोके भादरून त्वचेला थेट इलेक्ट्रोड चिकटवावे लागतात आणि ते दिवसाचे अठरा तास वागवायचे असतात. फायदा मोजका आहे आणि तो मोजलेला आहे. त्या चाचणीतही खोटे उपकरण लावलेला गट नव्हता, म्हणून तिच्यावर टीका झालीच. राइफच्या जास्त जवळचे उदाहरण यकृताच्या कर्करोगाचे. २७.१२ मेगाहर्ट्झच्या लहरीवर ठराविक फ्रिक्वेन्सी चढवणाऱ्या एका उपकरणाला २०२३ मध्ये अमेरिकेत दुर्मीळ स्थितीसाठीची मानवतावादी सवलत मिळाली. वाहक लहर तीच आणि मॉड्युलेशनची कल्पनाही तीच, हे प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे. मात्र या सवलतीला परिणाम पूर्ण सिद्ध झाल्याची अट नसते, संभाव्य फायदा धोक्याहून जास्त दिसणे पुरते. आणि खरी मेख पुढेच आहे. त्या उपकरणात चमच्यासारखा अँटेना जिभेवर ठेवतात आणि त्याची शक्ती मिलिवॅटमध्ये मोजतात. म्हणजे राइफच्या कल्पनेला आज मिळू शकणारा सर्वांत चांगला आधार प्लाझ्मा ट्यूबही अनावश्यक ठरवतो आणि शेकडो वॅटचा व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरही. ज्या वादावर इतकी ऊर्जा खर्च होते तो वादच त्या पुराव्याने बाहेर पडतो.

फिजिओथेरपीत शॉर्टवेव्ह डायथर्मी चालते ना, असेही विचारले जाते. चालते, आणि तीही २७.१२ मेगाहर्ट्झवर. तिचे काम ऊतीला ऊब देणे, एवढाच तिचा दावा. तिच्या पाठ्यपुस्तकांतल्या निषिद्ध स्थितींच्या यादीत पेसमेकर, शरीरातला धातू आणि गरोदरपण यांच्या जोडीला कर्करोगाची गाठही असते. नेमक्या त्याच लहरीच्या शेकडो वॅटसमोर कर्करोगाच्या रुग्णाला बसवणाऱ्याने ही यादी एकदा वाचावी.

उरतो अनुभव. ‘आम्हाला बरे वाटले’ असे सांगणारी माणसे खोटे बोलत नसतात. बहुतेकांचे दुसरे उपचारही चालू असतात, दुखणे मुळात चढउताराचे असते आणि अंधारलेल्या खोलीत जांभळी-केशरी उजळणारी नळी मनावर परिणाम करतेच. पण या क्षेत्रात एक पळवाट फार रुळली आहे. बरे वाटले तर यंत्र लागू पडले आणि त्रास वाढला तर जंतू मरताना विष सोडत आहेत, म्हणजे यंत्र फारच लागू पडले! कुठलाच निकाल विरुद्ध जाऊ शकत नसेल, तर ती चाचणी उरत नाही. पेट्री डिशमध्ये पेशी फुटताना दाखवणारी व्याख्यानेही याच पंगतीतली. अमेरिकेतल्या स्किडमोर कॉलेजात तेव्हा संगीताचे प्राध्यापक असलेले अँथनी हॉलंड यांचे २०१३ चे भाषण लाखोंनी पाहिले आहे. डिशमधल्या पेशी उष्णतेने, आम्लाने, साध्या ब्लीचनेही मरतात. शरीराला धक्का न लावता फक्त आजारी पेशी मारणे हे काम आहे आणि ते डिशमध्ये दिसत नाही.

मग निवाडा कसा करायचा? याचा एक चांगला नमुना कोल्हापुरात जन्मलेल्या एका वैज्ञानिकानेच घालून दिला आहे. जयंत नारळीकर यांनी २००८ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांसह फलज्योतिषाची चाचणी घेतली. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या जमवल्या आणि कोणती कुणाची हे झाकून ठेवले. पूर्ण भाग घेतलेल्या २७ ज्योतिषांना प्रत्येकी ४० कुंडल्या ओळखायच्या होत्या. बरोबर उत्तरांचे प्रमाण ४६ टक्के आले. नाणेफेकीने ५० आले असते. या चाचणीचे सौंदर्य तिच्या साधेपणात होते. ग्रहांचा प्रभाव कसा पडतो, या न संपणाऱ्या वादात ती शिरलीच नाही. ज्योतिषांना जे करता येते म्हणतात तेच त्यांना करायला सांगितले आणि उत्तरे मोजली.

प्लाझ्मा ट्यूबची अशी चाचणी घेणे तर विलक्षण सोपे आहे, आणि ही सोय तिच्या रचनेतच आहे. गोळीच्या चाचणीत खोटी गोळी बनवावी लागते. शस्त्रक्रियेच्या चाचणीत खोटी शस्त्रक्रिया करणे अवघड. इथे नळी तशीच उजळवायची, व्हॉल्व्ह तसेच तापू द्यायचे आणि फक्त मॉड्युलेशनचा आकडा बदलायचा. मॉड्युलेशन पूर्ण बंद केले तर नळीचा गुणगुणाट थांबतो आणि उजेडही वेगळा दिसतो, म्हणून अर्ध्या रुग्णांना यादीतला आकडा द्यायचा आणि अर्ध्यांना यादीबाहेरचा. कोणता कुणाला लागला हे सीलबंद पाकिटात ठेवायचे, यंत्र चालवणाऱ्यालाही ठाऊक नको. नेहमीचे उपचार दोन्ही गटांत चालूच राहतील. शक्ती तीच, ऊब तीच, दिमाखही तोच, उरतो केवळ फ्रिक्वेन्सीचा फरक. आणि साऱ्या दाव्याचा गाभा तर फ्रिक्वेन्सीच आहे. नव्वद वर्षांत या दाव्याच्या पाठीशी अशी प्रसिद्ध झालेली आणि दुसऱ्या कुणी पुन्हा करून पाहिलेली चाचणी उभी राहिलेली नाही. अमेरिकन वैद्यकीय संघटनेने राइफला दडपले, हे चाहत्यांचे नेहमीचे उत्तर इथे अपुरे पडते. दडपशाहीने एका माणसाची प्रयोगशाळा बंद पडू शकते. पण यंत्राचे आराखडे सर्वत्र फुकट मिळतात, भाग कुणालाही मागवता येतात आणि यंत्र बनवणारे हजारोंनी आहेत. ज्यांना चार व्हॉल्व्ह समांतर जोडून अवघड भार जुळवता येतो, त्यांना पाकिटे सील करता येत नाहीत असे नाही.

‘अपाय तर नाही ना’ हा आक्षेप त्यामानाने हलका आहे. उच्च व्होल्टेजचा धोका वर आलाच, भाजण्याचाही असतो. मोठा अपाय उशिराचा. तोंडातली न भरणारी जखम किंवा स्तनातली गाठ लवकर हाती लागली तर उपचार होतात, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या अनेक उपचारांचा खर्च सरकार उचलते. नळीसमोर घालवलेले तीन-चार महिने त्या योजनेलाही परत आणता येत नाहीत.

कायद्याची बाजूही यंत्र आणि दावा यांत फरक करणारीच आहे. मोठ्या शक्तीचा ॲम्प्लिफायर हॅम परवानाधारकाला, त्याच्या परवान्याच्या मर्यादेत, उघडपणे बाळगता येतो. २७ मेगाहर्ट्झच्या नागरी पट्ट्यात विनापरवाना मुभा फक्त पाच वॅटपर्यंतची आहे, त्यामुळे तिथे शेकडो वॅट सोडणे हा वायरलेसचा गुन्हा होऊ शकतो. २०१३ चा महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा मात्र अशा यंत्राला सहजी लागत नाही, कारण त्याचा रोख अघोरी प्रथा आणि चमत्कारांवर आहे. लागतो तो १९५४ चा औषधे व जादुई उपाय कायदा. त्यात ‘औषध’ या शब्दाची व्याख्या गोळ्या-काढ्यांपुरती नाही. शरीराच्या रचनेवर किंवा कार्यावर परिणाम करण्यासाठी असलेली, अन्नाखेरीज कोणतीही वस्तू तिच्यात बसते आणि ज्या आजारांवर उपायाची जाहिरातच करता येत नाही त्या अनुसूचीत कर्करोग आहे. त्याशिवाय एप्रिल २०२० पासून रोगावर वापरायचे प्रत्येक उपकरण वैद्यकीय उपकरण नियमांच्या कक्षेत आले आहे. तीच पेटी, तेच व्हॉल्व्ह आणि तीच नळी महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत वायूतला विद्युतविसर्ग शिकवायला ठेवली तर कुणी हरकत घेणार नाही. तिच्या शेजारी आजारांच्या आकड्यांची यादी आणि फीचा फलक लागला की प्रश्न अन्न व औषध प्रशासनाच्या दारात जातो, आणि तिथे ॲम्प्लिफायर कोणत्या जातीचा हे विचारले जात नाही.